स्तनविद्रधी अर्थात बाळंतिणीच्या छातीतील गळू
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही त्यांस विषय कळविला तो ‘बाळंतिणीच्या छातीतील गळू’ असा. छापील कार्यक्रमपत्रिका हाती आली तेव्हा तीत ‘मातृत्व आणि आरोग्य’ असे शब्द आढळले. चिटणिसांचा हेतू निर्मळ होता. जी पत्रिका ज्ञातीतील प्रत्येक घरी जावयाची, तीत असला शब्द कसा घालावा, ही त्यांची अडचण. आम्ही त्यांस दोष देत नाही. परंतु आमच्या विषयाचा अर्धा भाग या अडचणीतच सामावलेला आहे, म्हणून आरंभीच तिचा उल्लेख केला. गळू मानेवर आले तर घरातील पोरेसोरेदेखील त्याची विचारपूस करतात. छातीवर आले म्हणजे ते पदराआड जाते, आणि पदराआडच पिकते.

प्रथम आमच्याच घरची हकीकत सांगतो. जिची हकीकत आहे तिची अनुज्ञा घेतली आहे. ती याच सभागृहात बसलेली आहे.

१९९१ च्या श्रावणात आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्नीस दुसरा मुलगा झाला. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले होते. हे आमच्या घरी झाले. आम्ही त्या वेळी तालुक्याच्या गावी शल्यचिकित्सेचा व्यवसाय करीत होतो आणि दवाखाना घराच्या ओटीलाच लागून होता. बाराव्या दिवशी बारसे झाले. दिवसभर मूल या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होते, बाळंतीण शालू नेसून पाटावर बसली होती, आणि पाजण्याच्या दोन-तीन वेळा टळल्या. त्याच रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला. उजव्या बाजूस एक गाठ लागू लागली आणि ठणका सुरू झाला. आमच्या मातोश्रींनी दूध तटले म्हणून निदान केले, आणि ते बरोबर होते. पुढचे उपाय मात्र एकाहून एक विपरीत झाले. मालीशवाल्या बाईकडून गाठ जोर लावून चोळून घेतली. कणकेचे ऊन पोटीस बांधले. ‘नासके दूध पोराच्या पोटात नको’ म्हणून त्या बाजूचे पाजणे बंद केले. मीठमोहऱ्याही ओवाळल्या, त्यांनी निदान अपाय तरी झाला नाही.

आमच्याकडे ओटीवर निरोप आला तो ‘अंग मोडून आलंय, तापाची गोळी द्या’ एवढाच. आम्ही गोळ्या दिल्या. ताप हटेना तेव्हा पाच दिवसांचे प्रतिजैविक औषधही दिले. तपासले मात्र नाही. ती थोरल्या दिराशी दाराआडून बोलणारी, आणि आम्हीही उंबरठ्याच्या आत पाऊल टाकून ‘बाई, तुला नेमके होते काय?’ असे विचारले नाही. ओटीवर आम्ही नित्य परक्यांची गळवे फोडीत होतो. माजघरातल्या गळवाचा आम्हांस पत्ता नव्हता. औषधाने ताप उतरला, ठणका थोडा मंदावला, आणि सर्वांना बरे वाटले. गाठ तेवढी दगडासारखी घट्ट होऊन बसली. तेविसाव्या दिवशी तिच्या मातोश्री माहेराहून भेटीस आल्या. न्हाऊ घालताना त्यांनी पाहिले तो कातडी जांभळी पडून कागदासारखी पातळ झालेली. त्या माउलीने सारा संकोच टाकून ओटीवर येऊन आम्हांस जे शब्द ऐकविले ते येथे सांगण्याजोगे नाहीत, पण एकही शब्द अस्थानी नव्हता.

जिल्ह्याच्या गावी एका स्त्री-शल्यचिकित्सकांनी तिला भूल देऊन चीर घेतली. वाटीभर पू निघाला. आतले पडदे बोटाने मोडावे लागले, आणि पुढे छत्तीस दिवस रोज जखमेत पट्टी भरावी लागली. पट्टी भरताना तिचा आवाज कधी बाहेर आला नाही. मुठीत पदराचा बोळा धरलेला असे. दूध गोळ्या देऊन आटविले. मूल बाटलीवर गेले आणि त्या पावसाळ्यात दोनदा जुलाबांनी हातचे जाता जाता राहिले.

आता हे गळू होते तरी कसे, ते पाहू.

स्तनात दूध तयार करणारे अनेक खंड असतात आणि प्रत्येकातून निघालेल्या नळ्या पुढे एकत्र होऊन स्तनाग्राकडे जातात. मूल जितके ओढते त्या मानाने पुढचे दूध तयार होते. मागणी आणि पुरवठा यांचा हा हिशेब पहिल्या काही आठवड्यांत बसत असतो. या काळात एखाद्या भागातील दूध वेळेवर निघाले नाही, म्हणजे तेथील ऊती सुजतात, सुजेने नळ्या दाबल्या जातात, आणि दाबल्यामुळे दूध अधिकच अडते. त्वचा लाल होते, ठणका लागतो, तापही येतो. यास स्तनदाह म्हणतात. या पायरीवर पू नसतो. कित्येकदा जंतूही नसतात. पुढे स्तनाग्रास पडलेल्या भेगांतून जंतू आत शिरले, म्हणजे दाहाचे रूप पालटते. यांत मुख्य अपराधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू. तो आपल्या त्वचेवर आणि नाकात, तसाच तान्ह्या मुलाच्या नाकातोंडातही, एरवी निरुपद्रवीपणे राहतो. शरीर त्याच्याशी झुंजते, त्या झुंजीत पू होतो, आणि तो इतरत्र पसरू नये म्हणून शरीर त्याभोवती भिंत बांधते. ही भिंत बांधलेली पुवाची कोठी म्हणजेच विद्रधी.

ही भिंत ध्यानात ठेवावी, कारण उपचाराचे सारे मर्म तीत आहे. पोटात घेतलेले औषध रक्तावाटे सर्वत्र जाते, परंतु भिंतीच्या आतील पुवात ते पुरेसे पोचत नाही. स्तनदाहाच्या पायरीवर जे औषध रोग थांबवू शकते तेच पू जमल्यावर एकटे अपुरे पडते. ताप तेवढा उतरतो, आणि कोठी जाड होऊन मागे राहते. आमच्या भावजयीस आम्ही पाच दिवस न तपासता दिलेल्या औषधाने हेच केले. पू झाला की तो बाहेर काढलाच पाहिजे.

बहुतेक गळवे प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत होतात. स्तनदाह झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ३ ते ११ जणींत प्रकरण गळवापर्यंत जाते असा अंदाज वैद्यकीय ग्रंथांतून दिलेला असतो. म्हणजे बाकीच्या बऱ्या होतात. हा आकडा भीती घालण्यासाठी सांगत नाही. वेळीच लक्ष दिल्यास किती जणींची सुटका होते, हे त्यावरून कळावे.

या बाबतीत आपल्या जुन्या ग्रंथांत काय आहे, हे पाहण्याची आम्हांस त्या १९९१ सालानंतर इच्छा झाली. घरात पोटीस बांधताना ‘हे आपले जुने औषध’ असे बोलणे झाले होते, ते मनात सलत होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील दहाव्या आणि चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात स्तनरोगांचा विचार आहे. आम्ही संस्कृतचे पंडित नव्हे. एका शास्त्रीबुवांजवळ बसून ते श्लोक लावून घेतले. त्यांत जे निघाले त्याने आम्ही चकित झालो. स्तनावर पोटीस बांधू नये, असे सुश्रुत स्पष्ट सांगतो, आणि कारणही देतो: तेथील मांस मृदू असल्याने पोटीस बांधलेला स्तन लवकर कुजून फुटतो. गळू पिकल्यावर शस्त्र चालवावे, पण दूध वाहणाऱ्या नाड्या आणि स्तनाग्राचा काळा भाग टाळून. आणि गळू कच्चे असो, दाहाचे असो वा पिकलेले असो, स्तनातील दूध सतत काढीत जावे. म्हणजे आमच्या माजघरात जे जुने म्हणून चालले होते ते खऱ्या जुन्याच्या अगदी उलट होते! पोटीस बांधले ते त्याने निषिद्ध मानलेले, आणि दूध बंद केले ते त्याने चालू ठेवण्यास सांगितलेले. कोणती गोष्ट परंपरेची आणि कोणती केवळ शेजारणीची, याचा शोध आपण क्वचितच घेतो.

सुश्रुताचे सगळेच आजही जसेच्या तसे घ्यावे, असे मात्र नाही. ‘सतत’ या शब्दापाशी आज थोडे थांबावे लागते. स्तन पुरता रिकामा केलाच पाहिजे या समजुतीने यंत्राने किंवा हाताने वारंवार दूध काढीत राहिल्यास दूध अधिकच तयार होते आणि सूज वाढते. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात मुलाच्या भुकेप्रमाणे पाजावे, अधिक ओढू नये, जोराने चोळू नये आणि थंड घड्या ठेवाव्या, असा सल्ला दिलेला आहे. आम्ही स्वतः कित्येक वर्षे ऊन पाण्याचा शेक सांगत असू. आता सांगत नाही.

औषधांचाही इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९२८ साली फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडले, आणि १९५५ पासून ते आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले. वडील पिढीतील डॉक्टर सांगत की पेनिसिलीनची सुई ही त्या काळी देवाघरची देणगी वाटे. परंतु स्टॅफिलोकॉकस हा जंतू मोठा धूर्त. त्याने पेनिसिलीनचा नाश करणारे द्रव्य तयार करावयास आरंभ केला. त्यावर उपाय म्हणून निघालेल्या मेथिसिलीनलाही न जुमानणारे त्याचे वाण १९६१ साली इंग्लंडात आढळले, आणि आज ते आपल्याकडेही आहेत. म्हणून शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेणे, किंवा औषधाच्या दुकानदारास विचारून अर्धवट मात्रा घेणे, हा शुद्ध वेडेपणा होय. कोणते औषध, किती दिवस, आणि ते अंगावर पाजणाऱ्या आईस चालते काय, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. साधारणतः १० ते १४ दिवसांचा क्रम असतो. पू निघाला तर त्याचा थोडा नमुना तपासणीस पाठवावा, म्हणजे कोणते औषध लागू पडेल ते अंदाजावर राहत नाही.

आता पू काढण्याविषयी. आम्ही शिकलो त्या काळी एकच मार्ग होता: भूल, चीर, बोट आणि पट्टी. गळू खोल असले तर ते वरून हातास मऊ लागत नाही. म्हणून ‘पिकू द्या’ असे म्हणून वाट पाहिली जाई, आणि वाट पाहण्यात आतले मांस जात असे. डॉ. डिक्सन या ब्रिटिश शल्यविशारदांनी १९८८ साली असे दाखवून दिले की अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांतील गळवे सुईने पू ओढून, आणि जरूर तर पुन्हा पुन्हा ओढून, बरी करता येतात. आमच्या घरचे प्रकरण १९९१ चे. म्हणजे तो लेख निघून तीन वर्षे झाली होती. तालुक्याच्या गावी आमच्या मेजापर्यंत तो आला नव्हता. ही खंत आमच्याजवळ आहे.

आज सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावीही बहुधा असते. सोनोग्राफी म्हणजे पोटातील गर्भ पाहण्याचे यंत्र, एवढीच पुष्कळांची समजूत. परंतु स्तनातील गाठ म्हणजे नुसती सूज आहे, दुधाची गाठ आहे की पुवाची कोठी आहे, हे तेच यंत्र न दुखविता सांगते. कोठी असल्यास ती जागा बधिर करून, यंत्रात पाहत पाहत, सुईने पू ओढून घेतात. भूल नाही, रुग्णालयात मुक्काम बहुधा नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहतात आणि पू साठला असल्यास पुन्हा ओढतात. दोन, तीन, क्वचित अधिक खेपा लागतात. खेप वाढली म्हणजे उपचार फसला, असे समजू नये. कोठी फार मोठी असल्यास तीत बारीक नळी ठेवतात. त्वचा पातळ होऊन फुटण्याच्या बेतात असेल तर मात्र लहानशी चीर घ्यावी लागते. चिरेतून काही दिवस दूध पाझरले तरी घाबरू नये. ते बहुधा आपोआप बंद होते.

आणि पाजणे? भगिनींनो, सर्वांत अधिक चुका येथेच होतात. गळू झाले म्हणून दूध तोडू नये. निरोगी, पुऱ्या दिवसांच्या मुलास दुखऱ्या बाजूचे दूध बाधत नाही, असा आज डॉक्टरांचा निर्वाळा आहे. फार दुखत असल्यास, किंवा चीर मुलाच्या तोंडाशी येत असल्यास, त्या बाजूचे दूध काही काळ हाताने हलकेच काढावे आणि दुसऱ्या बाजूस पाजीत राहावे. मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असेल, अथवा आईस दुसरा काही विशेष रोग असेल, तर डॉक्टरांस विचारून चालावे. एकदम पाजणे थांबविल्याने दूध तुंबते, आणि तुंबलेल्या दुधाचीच पुढे कोठी होते. आमच्या घरी झाले ते असेच.

आरंभीची काळजी तर फारच साधी आहे. मुलाच्या तोंडात नुसते टोक न देता भोवतीच्या काळ्या भागासकट द्यावे. भेगा बहुधा चुकीच्या धरण्यानेच पडतात. पाळ्या टाळू नयेत, बारशाच्या दिवशीही नाही. पाहुणे दहा मिनिटे थांबू शकतात. मुलाने थांबावे असे का? ताप, लाली आणि ठणका चोवीस तासांत उतरणीस लागला नाही तर डॉक्टरांकडे जावे. औषध चालू होऊन दोन दिवस झाले आणि गाठ तशीच आहे, तर सोनोग्राफीचा आग्रह धरावा. ताप उतरला हे पुरेसे मानू नये. गाठ गेली काय, हे विचारावे.

जी स्त्री अंगावर पाजीत नाही, तिला गळू झाले तर विचार निराळा करावा लागतो. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत स्तनाग्राजवळ वारंवार होणारे गळू असते. आपल्या देशात क्षयही कधी कधी स्तनात प्रकट होतो, आणि मग चिरा घेऊन जखम भरत नाही. क्षयाची औषधे द्यावी लागतात. दुसरा एक दाणेदार दाहाचा प्रकार आहे, त्यातही वारंवार कापण्याने हानीच होते. आणि कर्करोगाचा एक जलद प्रकार सुरुवातीस नुसती लाली आणि सूज घेऊन येतो. औषधाने लाली गेली नाही तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे. बाईचे वय कितीही असो, आणि ती पाजती असली तरीही. एवढे सांगून हा भाग सोडतो, कारण त्यास स्वतंत्र व्याख्यान हवे.

एका गोष्टीचा मात्र उल्लेख केल्याविना पुढे जाववत नाही. नवजात मुलाची छाती पहिल्या काही दिवसांत फुगते, मुलगा असो वा मुलगी, आणि कधी तीतून दुधासारखे थेंबही येतात. हा आईच्या रक्तातून आलेल्या अंतःस्रावांचा परिणाम. तो काही आठवड्यांत आपोआप जातो. परंतु न्हाऊ घालणाऱ्या बायका ते दूध पिळून काढतात, आणि न काढल्यास मुलीस पुढे त्रास होईल असे सांगतात. खरे ते उलट आहे. पिळल्याने तेथे गळू होते, आणि मुलीच्या बाबतीत स्तनाचा कोवळा अंकुरच दुखावून वाढ कायमची खुंटू शकते. अशी दहा-बारा दिवसांची मुले आम्ही तापाने फणफणलेली पाहिली आहेत. घरातील सासूबाई आणि आजीबाई येथे बसल्या आहेत, त्यांस हात जोडून विनंती आहे की तेल लावा, न्हाऊ घाला, धुरीचे मात्र सोडून द्या, पण बाळाच्या छातीस हात लावू देऊ नका.

आता आमच्या भावजयीची अनुज्ञा होती त्यातला उरलेला भाग. १९९१ सालचे ते बाटलीवर वाढलेले मूल आज गृहस्थ झाले आहे. गेल्या वर्षी त्याची पत्नी प्रसूत झाली. अठराव्या दिवशी रात्री दहा वाजता आमचा फोन वाजला. ‘भाऊजी, सूनबाईच्या डाव्या छातीत गाठ आहे, कालपासून ताप आहे, औषधाने उतरत नाही. पोटीस बांधलेलं नाही आणि पाजणं चालू आहे. उद्या सोनोग्राफीला कुठं न्यायचं तेवढं सांगा.’ पस्तीस वर्षांपूर्वी दाराआडून ‘अंग मोडून आलंय’ म्हणणारी तीच ही! दुसऱ्या दिवशी सुईने दोन मोठे चमचे पू निघाला, तिसऱ्या दिवशी त्याच्या निम्मा, आणि तिसऱ्या खेपेस काहीच निघाले नाही. नातू आईच्याच दुधावर आहे, आणि त्याचे रडणे या सभागृहात मघापासून अनेकांनी ऐकले असेल.

 व्याख्यानानंतर भगिनींना काही विचारावयाचे असल्यास शेजारच्या खोलीत आपल्या ज्ञातीतील दोन स्त्री-डॉक्टर थांबणार आहेत. पुरुषमंडळींस शंका असल्यास त्यांनी त्या येथेच, सर्वांसमक्ष, आम्हांस विचाराव्या.